क्लिकचे पैसे कुठे लावू?

प्रश्न : आमच्या बागेचे बेदाणे आम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो. जाहिरात गूगलवर करावी की फेसबुकवर?
– एक बागायतदार, वणी (जि. नाशिक)

उत्तर : आधी गूगल सर्च. तिथे माणूस ‘बेदाणे ऑनलाइन’ असं स्वतः टाइप करतो. गिऱ्हाईक पायरीशी आलेलंच असतं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर लोक करमणुकीला येतात, तिथे बागेचा व्हिडिओ दाखवून भूक जागवावी लागते. बिंगवर आपल्याकडे शोधणारेच थोडे. गूगलवर ‘रेसिपी’, ‘फायदे’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये (म्हणजे नको असलेल्या शब्दांच्या यादीत) टाका, नाहीतर नुसते चौकशीवाले बजेट खातील. ‘डिस्प्ले नेटवर्क’ची (म्हणजे इतर वेबसाइटवर जाहिरात दाखवण्याची) खूणही काढून टाका. क्लिक मोजत बसू नका. एका ऑर्डरमागे जाहिरातीला किती गेले, ते मोजा. आणि हो, आसपासच्या गिऱ्हाइकांसाठी जाहिरात लावताना नकाशा नीट पाहा. यवतमाळ जिल्ह्यातही एक वणी आहे!