चेहरा : वाचण्याचा आणि उत्तर देण्याचा

१

तोंड, मुख, चेहरा हे शब्द मराठीत ज्या वाक्प्रचारांतून येतात ते पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. 'तोंड दाखवणे', 'तोंड चुकवणे', 'तोंड फिरवणे', 'सूनमुख पाहणे', 'तोंडदेखले बोलणे' यांपैकी एकही प्रयोग नाकडोळ्यांचे वर्णन करीत नाही. दोन माणसांमधील देणे, लाज, स्वीकार आणि नकार यांविषयी ते बोलतात. ऋणको सावकाराला तोंड चुकवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा आकार बदललेला नसतो. नाते बदललेले असते. चेहरा ही पाहण्याची वस्तू की नात्याची जागा, हा नीतिविचारातील प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही का टाळता येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

चेहरा वस्तू मानून वाचण्याची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात लाव्हाटर याने मुद्रेवरून स्वभाव ओळखण्याचे शास्त्र रचू पाहिले; १८७६ मध्ये लोंब्रोझो याने गुन्हेगार शरीरलक्षणांवरून ओळखता येतो असे प्रतिपादिले. भारतात १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तराचा जातींच्या सामाजिक स्थानाशी संबंध जोडला. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांच्या सिद्धान्ताचा मथितार्थ होता. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात, हा संबंध हिंदुस्थानच्या सर्व भागांत आढळत नाही हे दाखवून दिले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात अशाच मोजमापांचा आधार घेऊन, ब्राह्मण आणि अस्पृश्य भिन्न वंशाचे नाहीत असा निष्कर्ष काढला. प्रतिपक्षाचीच मापपट्टी हाती घेऊन त्यांनी प्रतिपक्षाचे खंडन केले, हे या युक्तिवादाचे बळ होय. अस्पृश्यतेचे कारण चेहऱ्यात नाही, ते अन्यत्र शोधले पाहिजे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

३

चेहऱ्याचा याहून वेगळा विचार एमान्युएल लेव्हिनास (१९०६-१९९५) यांनी केला. लिथुआनियात जन्मलेला हा ज्यू तत्त्वज्ञ फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या युद्धबंदी छावणीत होता. लिथुआनियातील त्याचे कुटुंबीय नाझींच्या संहारात मारले गेले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'समग्रता आणि अनंतता' या प्रमुख ग्रंथात लेव्हिनास यांचे म्हणणे असे, की दुसऱ्याचा चेहरा हा माझ्या ज्ञानाचा विषय होण्यापूर्वीच मला आवाहन करीत असतो. तो उघडा आणि निराधार असतो. मी त्याची हत्या करू शकतो, आणि नेमका म्हणूनच तो मला हत्येची मनाई करतो. समोरच्याच्या डोळ्यांचा रंगही ध्यानात येऊ नये, हीच त्याला भेटण्याची उत्तम रीत, असे ते सुचवितात.

म्हणूनच हा चेहरा केवळ मुखापुरता राहत नाही. वासिली ग्रॉसमन यांच्या 'जीवन आणि नियती' या कादंबरीत मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगाबाहेर कैद्यांच्या आप्तांची रांग आहे. तेथे पुढच्या माणसाच्या पाठीतून आणि मानेतून मागच्याला त्याचे दुःख कळते. लेव्हिनास यांनी हा प्रसंग आवर्जून उद्‌धृत केला आहे. पाठमोरी मानही चेहरा होऊ शकते, असा त्याचा आशय होय.

४

या विचाराची कसोटी मराठीतच घेता येते. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतील निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि आपली जात सांगत नाही. त्याला उच्च जातीचा समजून मान दिला जातो. जात उघड होताच मारहाण होते. येथे एक साधी गोष्ट नजरेतून निसटू नये. मान मिळाला तो चेहरा आणि मार बसला तो चेहरा एकच आहे. रिस्ले यांचा सिद्धान्त ही कथा एका प्रसंगात निकालात काढते, कारण सहवासातही चेहऱ्यावरून जात कळलेली नाही.

परंतु ती लेव्हिनास यांनाही प्रश्न विचारते. चेहरा हत्येची मनाई करतो, तर ज्यांनी त्याला समोरासमोर पाहिले होते त्यांचे हात का उठले? 'मी' आणि 'तू' यांच्यापलीकडे तिसरा माणूस असतो, म्हणून न्यायाची आणि संस्थांची गरज निर्माण होते, हे लेव्हिनास मानतात. बागुलांच्या कथेत मात्र तिसरा नंतर येत नाही. जात दोघांच्या भेटीआधीच मध्ये उभी आहे. दिलेला मानही चेहऱ्याला नव्हता, तो कल्पिलेल्या जातीला होता. अर्थात यामुळे चेहऱ्याचे आवाहन खोटे ठरत नाही. आवाहन झाले, ते ऐकले गेले नाही. आणि न ऐकण्याची शिकवण समाजव्यवस्थेने आधीच दिलेली होती, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

५

याचा बोध समीक्षेलाही घ्यावा लागेल. दलित आत्मकथन वर्गात शिकविताना 'हे अनुभव प्रातिनिधिक आहेत का?' हा प्रश्न आपण सहज विचारतो. प्रश्न निरर्थक नाही; पण तो पहिलाच ठरला तर समीक्षेची मापपट्टी होते आणि लेखक पुन्हा एकदा नमुना ठरतो. सहानुभूतीनेही हेच घडू शकते, कारण कीव करणारा वाचक उत्तर देण्याच्या जबाबदारीतून सुटतो. म्हणून संहितेचे वर्गीकरण करण्यापूर्वी ती आपल्याला काय विचारते आहे, हे ऐकणे हे अध्यापकाचे पहिले काम होय. वाचणे टळणार नाही, टळूही नये. मात्र त्याने उत्तर देण्याची जागा घेता कामा नये.