गोचिडीची लाळ

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्रीच्या वर्गात गिरणाकाठच्या एका बाईंनी विचारले, "गुरुजी, काटा टोचला तर गाय उसळते. माशी बसली तर शेपटी मारते. मग गोचीड आठ-आठ दिवस रक्त पिते, तेव्हा गाय गप्प कशी?"

प्रश्न लाखमोलाचा होता. बाईंची संकरित गाय गोचीड तापाने नुकतीच गेली होती.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर गोचिडीच्या लाळेत आहे.

विळ्याने बोट कापले तर काय होते? रक्त येते. मग ते गोठते आणि खपली धरते. जागा सुजते, खाजते. ही शरीराची राखण आहे. चोर आला की राखणदार जागे होतात, तसेच हे.

गोचीड या राखणदारांना लाळेने गुंगवते. तिच्या अंगात द्राक्षाच्या घडासारख्या दोन लाळग्रंथी असतात. त्यांच्या लाळेत नाना प्रकारची प्रथिने असतात. डाळीत आणि दुधातही प्रथिने असतात. पण गोचिडीच्या प्रथिनांची कामे निराळी. काही प्रथिने रक्त गोठू देत नाहीत. काही खाज उठू देत नाहीत. काही जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींना अडवतात. काहींचा तर डिंकासारखा थर होतो. त्यामुळे गोचीड कातडीला घट्ट चिकटून राहते.

आता खरा धोका ऐका. रक्त पिताना गोचीड त्यातले जादा पाणी लाळेवाटे परत जनावराच्या अंगात सोडते. त्याच वाटेने रोगाचे जंतू आत शिरतात. लहानपणी आजारी जनावराचे रक्त प्यालेली गोचीड मोठी झाली, की दुसऱ्या जनावराला गोचीड ताप देते. हे जंतू तिच्या लाळग्रंथीत तयार व्हायला चावल्यापासून साधारण २-३ दिवस लागतात. म्हणून आज चिकटलेली गोचीड आजच काढली, तर रोग टळू शकतो.

या रोगात जनावराला जोराचा ताप येतो. खांद्यापुढची गाठ सुजते. दूध आटते. डोळे फिके पडतात. संकरित गायीला हा रोग फार बाधतो. अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. उद्यावर टाकू नका.

माणसालाही काही गोचिडींपासून रोग होतात. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडताप सापडला. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आला. तो जंगलातल्या गोचिडींमुळे पसरतो.

तर मग काय करावे?

१. रोज कान, मांड्या, कास आणि शेपटीखालची जागा पाहा.
२. चिमट्याने गोचीड कातडीलगत धरा आणि सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका. विडीचा चटका देऊ नका.
३. काढलेली गोचीड रॉकेलच्या डबीत टाका. मग साबणाने हात धुवा.
४. मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. गोठ्याच्या फटी लिंपून बुजवा.
५. औषध आणि लस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या.

बाईंनी आता दुसरी गाय घेतली आहे. रोज संध्याकाळी धार काढण्याआधी त्या चिमटा आणि डबी घेऊन बसतात.

प्रश्न
१. गोचीड चावते तेव्हा रक्त का गोठत नाही?
२. गोचीड रोजच्या रोज का काढावी?
३. तुमच्या गोठ्यातल्या फटी मोजा व आकडा वहीत लिहा.