ठिणगी आणि वणवा

उन्हाळा लागला, की आपल्या जंगलात मोहाची फुले गळू लागतात. फुले वेचायला सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवतो. पाला जळाला, की तो घरी जातो. विस्तव मात्र मागे राहतो. दुपारी वारा सुटतो. मग एका झाडाखालची आग डोंगरभर पसरते.

त्या माणसाला जंगल जाळायचे होते का? नाही. त्याला फक्त टोपलीभर फुले हवी होती.

माणसांच्या भांडणाचेही असेच आहे. खून करायचा असे ठरवून भांडायला बसणारे थोडेच असतात. बहुतेक भांडणे टोपलीभर फुलांसाठीच सुरू होतात. ती वाढतात कशी, आणि थांबवावी कुठे, ते या धड्यात पाहू.

भांडणाच्या पाच पायऱ्या

रोवणीचे दिवस आहेत. पावसाने ओढ दिली आहे. बोडीचे पाणी आधी वरच्या बांधीत येते, मग खालच्या. खालच्या बांधीवाल्याचे पऱ्हे सुकू लागले. त्याने रात्री जाऊन वरचा धुरा फोडला.

सकाळी वरचा म्हणाला, "धुरा काहून फोडला?" ही पहिली पायरी. इथे भांडण पाण्याचे आहे. पाणी मोजता येते, वाटून घेता येते.

खालचा म्हणाला, "तुमचं घरच पहिल्यापासून चोराचं." ही दुसरी पायरी. आता पाणी बाजूला राहिले. भांडण माणसाशी सुरू झाले. बापाचे, आजाचे उणेदुणे निघाले.

तिसऱ्या पायरीवर बोलणे बंद होते. दोघांमध्ये तिसराच निरोप नेतो. "तो तुला पाहून घेतो म्हणत होता," असे सांगतो. तो तसे बोलला होता का? कोणी विचारायला जात नाही.

चौथ्या पायरीवर गावात दोन तट पडतात. जो मध्ये उभा राहील, त्याला दोन्हीकडचे लोक म्हणतात, "तू त्यांचाच." म्हणून शहाणी माणसेही घरात बसतात.

पाचव्या पायरीवर दारू पोटात जाते आणि काठी हातात येते. एकाचे डोके फुटते. दुसरा तुरुंगात जातो. दोघांचेही पऱ्हे वाळून जातात.

पहिल्या पायरीवर भांडण मिटवायला एक सकाळ पुरली असती. पाचव्या पायरीनंतर एक पिढीही पुरत नाही.

चिमूरची गोष्ट

गावाचे असते तेच राज्याचे असते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले चिमूर पाहा. ९ ऑगस्ट १९४२ रोजी इंग्रज सरकारने मुंबईत गांधीजींना व इतर पुढाऱ्यांना पकडले. देशभर पुढारी तुरुंगात गेले. लोकांचा संताप वाढत होता. पण सरकारशी बोलणार कोण? ज्यांचा शब्द लोक मानत, त्यांनाच सरकारने कोंडले होते.

१६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला मिरवणूक निघाली. पोलिसांनी लाठी चालवली, मग गोळी चालवली. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा शहीद झाला. लोक खवळले. सरकारी बंगला पेटला. काही सरकारी अधिकारी व पोलिस मारले गेले. तीन दिवसांनी पलटण आली. तिने गुन्हेगार कोण आणि निरपराध कोण हे पाहिले नाही. घरे लुटली, बायाबापड्यांवर अत्याचार केले. अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी खटपट केली, तेव्हा त्या फाशी पुढे टळल्या.

चिमूरच्या हुतात्म्यांना आपण नमस्कार करतो. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आधी बोलण्याची वाट बंद झाली, मग गोळी सुटली. एका मरणाने दुसरे मरण ओढून आणले. ज्याच्या हाती बंदूक आणि सत्ता होती, त्याची जबाबदारी अधिक होती. तीच त्याने टाळली.

याच चिमूरसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी चौकशीची मागणी करत ६३ दिवस उपवास केला. हातात काठी न घेता त्यांनी चिमूरची हकीकत देशापुढे ठेवली.

अफवेची आग

ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायांना बांधून जमावाने मारले. करणी कोणी पाहिली होती? कोणीच नाही. ऐकीव बोलण्यावर सारा जमाव उठला. असा आळ घेणे आणि त्यासाठी छळ करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आजारी माणसाला दवाखान्यात न्यावे. आळ घेऊन कोणाचा ताप उतरत नाही.

मेंढ्याची रीत

आता दुसरी बाजू पाहू. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. तिथे गावचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. एकाचेही मन राजी नसेल, तर सभा थांबते. पुन्हा बसते, पुन्हा बोलते. यात वेळ जातो. पण हरलेला गट कोणता उरत नाही. आणि हरलेला गटच नसेल, तर सूड कोण घेणार?

वनहक्क कायद्याने २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. रागावण्यासारखीच गोष्ट होती. पण गावाने नाक्यावर जाऊन कोणाचे डोके फोडले नाही. कायदा वाचला, अर्ज केले, सभा घेतल्या, हट्ट सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

बंधुभगिनींनो, शांत राहणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. मेंढ्याने हक्कही सोडला नाही आणि रक्तही सांडले नाही.

जाळरेषा

जंगलात आग पसरू नये म्हणून आधीच पाला झाडून, जाळून मोकळा पट्टा करतात. त्याला जाळरेषा म्हणतात. आग लागल्यावर ती काढायला वेळ नसतो. गावानेही आपली जाळरेषा आधीच काढून ठेवावी.

१. भांडण ज्या गोष्टीचे, तेवढेच बोलावे. जात, घराणे, आईबाप मध्ये आणू नयेत.

२. निरोप आला, तर ज्याच्या नावाने आला त्याला जाऊन विचारावे. मोबाइलवर आलेले तर आधी तपासावे.

३. दारू प्यायलेल्या माणसाशी तंट्याचे बोलू नये. सकाळ होऊ द्यावी.

४. दोघेही मानतील असे मध्यस्थ गावाने आधीच ठरवावेत. त्यांत बायाही असाव्यात. सरकारने २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, ती याच विचाराने.

५. मारहाण, बाईवर अत्याचार, खून ही प्रकरणे चार माणसांत दाबू नयेत. ती पोलिसांकडे न्यावीत. दाबलेले दुःख म्हणजे राखेखालचा निखारा. बायांना आणि आदिवासींना कोर्टात मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

यातले काहीही एकट्याचे काम नाही. वणवा विझवायला सारा गाव धावतो. पण ठिणगीवर पाय द्यायला एक माणूसही पुरतो. तो वेळेवर उठला पाहिजे.

विचार करा आणि आपसात बोला

१. तुमच्या गावातले एखादे जुने भांडण आठवा. नावे घेऊ नका. ते कोणत्या पायरीवर थांबवता आले असते?

२. खालच्या बांधीवाल्याने रात्री धुरा फोडण्याऐवजी काय करायला हवे होते? आणि वरच्याने सकाळी काय म्हणायला हवे होते?

३. तुमच्या गावात दोन्ही तटांना मान्य होईल अशी माणसे कोण आहेत? त्यांची नावे पाटीवर लिहा.