कामाचा खेळ आणि खेळाचे नियम

बी.कॉम.च्या कॉस्टिंगच्या पेपरात मजुरी देण्याच्या पद्धतींवर हमखास एक प्रश्न असतो. आपण सूत्र पाठ करतो, उत्तराखाली दोन रेघा ओढतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मीही तेच करीत होतो. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत फीचे पैसे जमवण्यासाठी हैदराबादेत एका नव्या कंपनीच्या, म्हणजे आज जिला स्टार्टअप म्हणतात तिच्या, किराणा गोदामात दोन महिने काम केले, तेव्हा या सूत्रांचा खरा अर्थ कळला. त्या अनुभवाच्या आधारे काम आणि खेळ यांचा संबंध तपासण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. चिंताकीच्या शिवारात सोयाबीनची काढणी दोन प्रकारे होते, रोजाने आणि गुत्त्याने. रोजाने असेल तर दिवस मावळेपर्यंत वेळ भरायचा. गुत्त्याने असेल तर एकरावर रक्कम ठरते आणि तीच माणसे दिवस उगवायच्या आत शेतात हजर होतात. माणसे तीच, विळा तोच. बदलतो तो फक्त नियम.

कारखान्यांत हाच विचार हॅल्से यांनी १८९१ मध्ये, टेलर यांनी १८९५ मध्ये आणि ग्लासगोच्या रोवन यांनी १८९८ मध्ये मांडला. समजा, एका कामाला ८ तास ठरवून दिले आहेत, मजुरी तासाला ६० रुपये आहे आणि कामगाराने ते काम ६ तासांत संपवले. त्याची ६ तासांची मजुरी ३६० रुपये. हॅल्से पद्धतीत वाचलेल्या २ तासांच्या मजुरीपैकी निम्मी रक्कम, म्हणजे ६० रुपये, बोनस मिळतो; एकूण ४२० रुपये. रोवन पद्धतीत वाचलेल्या वेळेला ठरलेल्या वेळेने भागून त्याने ३६० ला गुणायचे. बोनस ९० रुपये, एकूण ४५०. घाम तेवढाच गळला, पण नियमामुळे ३० रुपयांचा फरक पडला.

आता खेळाकडे पाहू. कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात. पूर्वी आघाडीवरचा संघ नुसत्या रिकाम्या चढाया करून वेळ काढीत असे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने यावर उपाय योजला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. एका नियमाने खेळाला वेग आला. खेळाची रचना करणारा मनुष्य खेळाडूला ओरडून पळवीत नाही; तो नियमच असा करतो की खेळाडू आपण होऊन पळतो.

गोदामात नेमके हेच केले होते. हातात एक यंत्र असे. ऑर्डर आली की त्यावर सेकंद उलटे मोजले जात. प्रत्येक ऑर्डरला गुण, भिंतीवरच्या पडद्यावर सर्वांची क्रमवारी आणि आठवड्यात ठरावीक गुण झाले की बोनस. पहिले काही दिवस मला खरोखर मजा आली. दहा तास कसे जात ते कळत नसे. चौथ्या आठवड्यात माझे नाव पहिले आले.

ते कसे आले, हेही सांगितले पाहिजे. गुण ऑर्डरला होते, वजनाला नव्हते. दोन बिस्किटपुड्यांना जेवढे गुण तेवढेच तांदळाच्या पोत्याला. यंत्रावर पुढची ऑर्डर दिसत असे. पोते दिसले की मी पाण्याचे निमित्त करून यंत्र थांबवी आणि ती ऑर्डर दुसऱ्याकडे जाई. तो दुसरा बहुधा पन्नाशीचा एक सहकारी असे. त्यांना मी काका म्हणत असे. ते आपल्या डब्यातली भाकरी मला देत. त्या आठवड्यात त्यांचा बोनस हुकला. मी एकही नियम मोडला नव्हता. पुढच्याच आठवड्यात, बुधवारी, बोनसची गुणसंख्या न सांगता वाढवण्यात आली. सोमवारपासून धावलेल्या आम्हा सर्वांचाच बोनस गेला आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी धावेना.

परत आल्यावर मायकेल बुरावॉय या समाजशास्त्रज्ञाविषयी वाचले. १९७४ मध्ये त्यांनी शिकागोजवळच्या एका कारखान्यात यंत्रावर स्वतः काम केले आणि १९७९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तेथील कामगार तुकडा दराच्या कामाला खेळच समजत व त्यात रंगून जात. परंतु १४० टक्क्यांहून अधिक काम ते दाखवीत नसत, कारण जास्त दाखवले की दर कापला जाईल हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे नियमावरचा विश्वास संपतो तेथे उत्पादकताही थांबते.

यावरून मला दोन गोष्टी वाटतात. पहिली, कबड्डीत सामना चालू असताना मधली रेषा कोणी सरकवीत नाही. कामातही ठरलेला नियम ठरलेल्या मुदतीपर्यंत टिकला पाहिजे. दुसरी, जे मोजले जाते तेच माणूस करतो. म्हणून ओझे मोजले नाही तर ते दुबळ्याच्या पाठीवर जाते. आपल्या कर्नाटक राज्याने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. कामाच्या अटी बदलण्यापूर्वी चौदा दिवस सूचना द्यावी, आणि काम व कमाई ठरवणारी स्वयंचलित यंत्रणा कोणत्या निकषांवर चालते हे कामगाराला सांगावे, असे त्यात आहे. हा कायदा मुख्यतः ॲपवरून प्रवासी व माल पोहोचवणाऱ्यांसाठी आहे, परंतु तत्त्व गोदामालाही लागू पडते.

कन्नडात खेळाला ‘आट’ आणि कामाला ‘केलस’ म्हणतात. दोन्ही भाषांत हे शब्द वेगळे आहेत, ते उगीच नव्हे. खेळात हरलेला मनुष्य घरी जाऊन जेवतो. कामात हरलेल्याच्या घरी जेवण कमी पडते. उद्या आपल्यापैकी कोणी व्यवस्थापक होईल, कोणी स्वतःची कंपनी काढील. त्याने कामाचा खेळ अवश्य करावा, पण हा फरक विसरू नये.

काकांचा अजून फोन येतो. परीक्षा कशी गेली म्हणून विचारतात. पाण्याच्या निमित्ताची गोष्ट मी त्यांना अद्याप सांगितलेली नाही. हा अंक हाती आला की फोनवर वाचून दाखवणार आहे.