पदवी कीं प्रमाणपत्र?

विद्येचें मोल द्रव्यानें करूं नये असें वडील माणसें सांगतात, व तें खरेंही आहे; परंतु विद्येसाठीं घरांतून जें द्रव्य जातें त्याचा हिशेब विद्यार्थ्यानें अवश्य ठेवावा. सायबर सुरक्षेचें, म्हणजे संगणकांच्या राखणीचें काम शिकूं इच्छिणाऱ्या मुलामुलींपुढें आज हाच हिशेब उभा आहे. तीन-चार वर्षें घालवून पदवी घ्यावी, कीं कांहीं महिन्यांत प्रमाणपत्र मिळवून नोकरीस लागावें?

प्रथम काम कसलें तें पाहूं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्यांतील एका सहकारी बँकेंतून चोरांनीं सुमारें ९४ कोटी रुपये लांबविले. तिजोरी कोणीं फोडली नाहीं. एटीएममधून आलेली मागणी खात्याशीं ताडून पाहण्यासाठीं बँकेच्या संगणकाकडे जाते. ती वाटेंतच अडवून एका बनावट यंत्रणेनें होकार दिला, व अनेक देशांतून रकमा निघाल्या. अशी चोरी ओळखावयाची तर संदेश कोणत्या वाटेनें जातो व त्याचा खरेपणा कसा पारखतात, हें मुळापासून समजावें लागतें.

पदवी हा पाया सावकाश घालते. तिला तीन-चार वर्षें लागतात, पैसाही पुष्कळ लागतो; पण मिळालेल्या पदवीची मुदत संपत नाहीं. प्रमाणपत्राचें तसें नाहीं. सिक्युरिटी प्लस हें नवशिक्यांचें प्रमाणपत्र ९० मिनिटांच्या एका परीक्षेनें मिळतें, परंतु दर ३ वर्षांनीं त्याचें नूतनीकरण करावें लागतें. तथापि प्रमाणपत्रांस कमी लेखूं नये. ओएससीपीच्या परीक्षेंत परीक्षार्थ्यास जवळजवळ २४ तास संगणकांत शिरून दाखवावें लागतें व पुढील २४ तासांत अहवाल लिहावा लागतो. तेथें घोकंपट्टी चालत नाहीं.

सीआयएसएसपी या नामांकित प्रमाणपत्राची गोष्ट विशेष बोधप्रद आहे. अमेरिकेंत त्याच्या परीक्षेचें शुल्क ७४९ डॉलर, म्हणजे ६०,००० रुपयांहून अधिक आहे. पण परीक्षा उत्तीर्ण होऊन भागत नाहीं. ५ वर्षांचा सवेतन अनुभव लागतो. पदवीधरास त्यांत १ वर्षाची सूट मिळते. म्हणजे या हिशेबांत चार वर्षांची पदवी एका वर्षाच्या कामाइतकी भरते. ती अनुभवाची जागा घेत नाहीं, पण निरर्थकही नाहीं.

यावरून पालकांनीं खर्चाचा क्रम ठरवावा. बारावीनंतर लगेच कर्ज काढून महागडें प्रमाणपत्र घेऊं नये. ऐपतीप्रमाणें साध्या महाविद्यालयांतून पदवीचा पाया घालावा. एनपीटीईएलचे पाठ विनामूल्य मिळतात, त्यांचा लाभ घ्यावा. ज्यांस लवकर कमवावें लागतें त्यांनीं लहान प्रमाणपत्रावर काम धरावें व १९८९ सालीं स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठांतून पदवी पुरी करावी. मोठीं प्रमाणपत्रें नोकरी लागल्यावर, कामाची गरज पाहून घ्यावीं. तेव्हां पुष्कळदां मालकच शुल्क भरतो.

एक गोष्ट मात्र दोहोंपैकीं कोणताही कागद देत नाहीं. दुसऱ्याच्या संगणकांत परवानगीवांचून शिरणें हा आपल्याकडील २००० सालच्या कायद्यानें गुन्हा आहे. ज्याच्या हातीं लोक आपल्या किल्ल्या सोंपवितात, त्याच्या अंगीं आधीं सचोटी हवी; तिला शुल्क नाहीं, व तिचा अभ्यास याच शाळेंत आजपासून होऊं शकतो.