जुन्या घड्याळाची तबकडी बदलू नका

प्रश्न : आजोबांचे चावीचे फावर-ल्यूबा घड्याळ कपाटात सापडले. तबकडी पिवळी पडली आहे. दुकानदार म्हणतो, तबकडी नवी करून, केसला पॉलिश मारून घ्या, किंमत वाढेल. काय करावे?
– एक वाचक, रनाळे (जि. नंदुरबार)

उत्तर : दोन्ही करू नका. फावर-ल्यूबाचे मूळ 1737 सालचे, स्वित्झर्लंडमधले. 1865 पासून कंपनीचा व्यापार मुंबईत होता. म्हणूनच ही घड्याळे आपल्याकडे घरोघरी सापडतात आणि त्यांच्या रंगवलेल्या तबकड्याही बाजारात मुबलक आहेत. संग्राहक पैसे मोजतो ते अस्सलपणाचे. रंगवलेल्या तबकडीने किंमत वाढत नाही, उलट घसरते. पॉलिशने केसच्या कडा झिजतात; त्या परत येत नाहीत.

आधी तबकडी भिंगाखाली पाहा. सहाच्या आकड्याखाली ‘स्विस मेड’ बारीक, सरळ अक्षरांत आहे का? मिनिटांच्या रेषा समान अंतरावर आहेत का? अक्षरे जाड, वाकडी असतील तर तबकडी आधीच रंगवलेली समजा.

बंद पडलेल्या घड्याळाला सारखी चावी देऊ नका. तेल वाळले असेल, तर चाके झिजतात. जाणत्या घड्याळजीकडून सर्व्हिसिंग करून घ्या आणि बदललेला प्रत्येक सुटा भाग परत मागा. काट्यांवर अंधारात चमकणारा जुना रंग असल्यास तो खरवडू नका. त्यात रेडियम असू शकते.

विकायचे असेल, तर आहे त्या स्थितीतले फोटो दाखवून दोन-तीन जणांकडून भाव घ्या. पहिल्याच गिऱ्हाइकाला देऊ नका.