पंखे फिरतात, पण पडदा काळाच

प्रश्न : नागपूरहून सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवला. प्रोसेसर रायझेन ५ ७५००एफ, रॅम डीडीआर५, ग्राफिक्स कार्ड स्वतंत्र. पंखे फिरतात, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. दोन मिनिटे थांबून मी बंद करतो. मदरबोर्ड जळाला असेल का?
— एक वाचक, पवनी (जि. भंडारा)

उत्तर : ती शंका तूर्त मनातून काढून टाकावी, पंखे फिरणे ही केवळ वीज पोहोचल्याची खूण असून, पडदा काळा राहण्याचे कारण बहुधा फार साधे असते. आपल्या प्रोसेसरच्या नावातील ‘एफ’ हे अक्षर त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसल्याचे दर्शविते, म्हणून मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डालाच जोडल्याची खातरजमा करावी.

मात्र माझा खरा संशय आपल्या घाईवर आहे. डीडीआर५ रॅम प्रथमच बसविली असता मदरबोर्ड तिच्याशी आपली जुळणी करीत राहतो, व त्या अवधीत, जो कधी कधी पाच-दहा मिनिटांचाही असतो, पडदा काळाच राहतो. आपण मध्येच वीज तोडता, तेव्हा ते काम पुन्हा आरंभापासून सुरू होते. पंधरा मिनिटे निश्चिंत थांबावे.

तरीही चित्र न उमटल्यास, वीज तोडून, कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून, एकच रॅम माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. मदरबोर्डवर डीरॅम, सीपीयू, व्हीजीए असे छोटे दिवे असल्यास कोणता पेटून राहतो ते टिपावे. दुकानदाराकडे तक्रार गुदरताना तेच उपयोगी पडेल. पॉवर सप्लायचा डबा मात्र मुळीच उघडू नये. वीज तोडल्यावरही त्यात घातक विद्युत्‌भार शिल्लक असतो.